मैदानाचं रिडेव्हलपमेंट: गवत नंतर, आधी तास मोजा

भांडुपला आमच्या इमारतीमागचं मैदान आता 'विकसित' होणार आहे. फाटकावर तसा भलामोठा फ्लेक्स लागलाय. चित्रात पोपटी गवत आहे, चारी कोपऱ्यांत उंच दिवे आहेत, मुंबईत सहसा न दिसणारं निळंशार आकाश आहे आणि मधोमध पोनीटेल उडवत बॉलला लाथ मारणारी एक मुलगी आहे. फ्लेक्समागच्या खऱ्या मैदानात त्या संध्याकाळी साठ-सत्तर पोरं होती. मुलगी एकच, माझी भाची. तीही खेळत नव्हती. कठड्यावर बसून मोठ्या पोरांची मॅच कधी संपते याची वाट बघत होती.

"मावशी, हे सगळं झाल्यावर आम्हाला मिळेल ना ग्राउंड?"

मी पटकन हो म्हणणार होते, पण जीभ आवरली. मैदान चकाचक होणं आणि ते मुलींना मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीतून दुसरी आपोआप होत नाही.

मुंबईकराला रिडेव्हलपमेंट शिकवावं लागत नाही. कार्पेट, म्हणजे घराची आतली जागा, किती टक्के वाढणार, बिल्डर सोसायटीला देणार तो कॉर्पस निधी किती, भाडं किती महिन्यांचं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही विचारतं. पण ही सगळी आकडेमोड एका गोष्टीवर उभी असते: जमीन तेवढीच राहिली तरी वर मजले चढवता येतात. मैदानाला मजले चढत नाहीत. मोठ्यांच्या फुटबॉल सामन्याचं प्रमाण मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद, म्हणजे ७,१४० चौरस मीटर. त्यात एका वेळी बावीसच खेळणार. तिथे वाढवता येण्याजोगी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे वेळ. म्हणून गवत, निचरा, दिवे, संडास, अगदी फाटक कुठे ठेवायचं इथपर्यंत, प्रत्येक खर्चाला एकच प्रश्न विचारायचा: याने आठवड्याला खेळायचे किती तास वाढले? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, जो फ्लेक्सवर कधीच नसतो: ते वाढलेले तास कोणाला?

बंदी घातली ती मैदानावर

हा दुसरा प्रश्न किती जुना आहे ते बघा. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, कारखान्यांत बायका आल्या आणि जेवणाच्या सुट्टीत त्या बॉल खेळू लागल्या. प्रेस्टन गावच्या 'डिक, कर' कारखान्यातल्या बायकांचा संघ इतका गाजला, की २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना बघायला ५३ हजार लोक आले. वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला. हा खेळ बायकांना शोभणारा नाही, असं त्यात म्हटलं होतं. पण शेरा सोडा, त्यातली तरतूद बघण्यासारखी आहे. बायकांनी खेळू नये असा हुकूम काढायचा अधिकार संघटनेला नव्हताच. तिने आपल्या सदस्य क्लबांना एवढंच बजावलं, की आपली मैदानं बायकांच्या सामन्यांना देऊ नका. तेवढं पुरलं. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं तिथला महिला फुटबॉल बागांमध्ये आणि रग्बीच्या मैदानांवर रांगत राहिला.

आपल्याकडे असा ठराव कोणी केला नाही. उलट १९७५ मध्ये महिला फुटबॉलची देशपातळीवरची संघटना उभी राहिली आणि जानेवारी १९८० मध्ये केरळात कोझिकोडला झालेल्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुली उपविजेत्या ठरल्या. १९८३ मध्ये पुन्हा उपविजेत्या. हे मी सांगते तेव्हा लोक माझ्याकडे थापाड्या माणसाकडे बघावं तसं बघतात. पण तेव्हा आशियात हा खेळ गांभीर्याने खेळणारे देशच मोजके होते. बाकीच्यांनी पुढे मैदानं, प्रशिक्षक आणि शाळा उभ्या केल्या. आपण केल्या नाहीत, आणि ते बरोबरीचे देश बघता बघता पुढे निघून गेले.

मुंबईत तर गंमतच आहे. २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई चषकाचे सामने अंधेरीच्या क्रीडासंकुलात आणि नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची फायनलही नवी मुंबईतच झाली आणि स्पेनने कोलंबियाला १–० असं हरवलं. म्हणजे जगातल्या उत्तम मुली आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर खेळून गेल्या. आमच्या मैदानातला स्लॉट मात्र एका मिनिटाने वाढला नाही. मोठ्या स्टेडियमचा आणि गल्लीमागच्या मैदानाचा संबंध आपल्याला वाटतो तेवढा जवळचा नसतो.

साडेबावीस स्लॉटची गोष्ट

आता हिशेब मांडू. शाळा, कॉलेज, नोकरी सांभाळून खेळणाऱ्यांच्या उपयोगाचे तास म्हणजे सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते दहा. दिवसाचे सात, आठवड्याचे ४९. सरावाला अख्खं मैदान लागत नाही, अर्ध्यात एक संघ मजेत मावतो. अर्धं मैदान एक तास म्हणजे एक स्लॉट धरला, तर आठवड्याला ९८ स्लॉट.

मुलींचे पाच गट धरू: १०, १२, १४ आणि १७ वर्षांखालचे चार, शिवाय खुला गट. प्रत्येक गटाला आठवड्यातून तीनदा, दीड-दीड तास. पाच गुणिले तीन गुणिले दीड, म्हणजे साडेबावीस स्लॉट. ९८ पैकी साडेबावीस. रुपयातले चार आणेसुद्धा नाहीत. दहा वर्षांच्या चिमुरडीपासून नोकरी करणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांची सोय एवढ्यात होते.

मग होत का नाही? कारण ९८ स्लॉट कागदावर आहेत. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे दिवे नसतील तर संध्याकाळचे चार तास गेले. जून ते सप्टेंबर तळं साचत असेल तर वर्षातले चार महिने गेले. नवरात्र, लग्नं, सभा, मंडप यांत आणखी आठवडे गेले. आणि मंडप गेल्यावर उरलेले खिळे वेचण्यात एक रविवार गेला. सगळं वजा जाता आठवड्याला दहा-बारा तास हातात राहतात. जिन्नस कमी पडला की वाटणी कशी होते ते घराघरांत माहीत आहे: आधी थोरले, मग धाकटे, मग उरलंच तर मुली. कोणी दुष्टपणे करतं असंही नाही. मोठ्या पोरांची लीग आहे, त्यांचा क्लब जुना आहे, त्यांचे काका कमिटीवर आहेत. आमच्याकडे मुलींना मिळालेली वेळ आहे रविवार दुपारी दोन ते चार. मे महिन्यातसुद्धा.

म्हणून मी म्हणते, तास वाढवणाऱ्या कामांना विरोध करू नये. टंचाई असेपर्यंत मुलींचा नंबर लागणार नाही. पण टंचाई संपली की तो आपोआप लागेल, असं मात्र समजू नका. वाढलेले तास भाड्याने देऊन पैसे करणारे टपलेलेच असतात.

जमीन कोणाची, हे आधी बघा

हा भाग रुक्ष आहे, पण टाळता येत नाही. मुंबईतलं मैदान महापालिकेचं असू शकतं, म्हाडाचं, जिल्हाधिकाऱ्यांचं किंवा एखाद्या ट्रस्टचं. सिटी सर्व्हे नंबर शोधून मालमत्ता पत्रक काढलं की मालक कळतो. विकास आराखड्यात त्या तुकड्यावर कोणतं आरक्षण आहे ते डीपी रिमार्क्समध्ये, म्हणजे त्या आराखड्याच्या दाखल्यात, कळतं. आरक्षण 'खेळाचं मैदान' असणं आणि 'उद्यान' असणं यात फरक आहे. उद्यान म्हटलं की जॉगिंग ट्रॅक, कारंजं, सेल्फी पॉइंट येतात आणि बॉल खेळणाऱ्यांना शिट्टी मारून हाकलायला रखवालदार येतो. आरक्षण बदलायचं तर १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली जाहीर नोटीस काढून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात, त्यासाठी महिन्याभराची मुदत असते. ती नोटीस वर्तमानपत्रात जिथे छापतात तिथे आपण भजी ठेवतो, ही वेगळी गोष्ट.

दुसरी पाहण्याची बाब, चालवणार कोण. मोकळ्या जागा खासगी संस्थांना सांभाळायला द्यायचं महापालिकेचं धोरण वर्षानुवर्षं वादात आहे. काही जागांवर सांभाळणाऱ्यांनीच क्लबहाउस बांधून सामान्यांना दार बंद केल्याच्या तक्रारी झाल्या, आणि २०१६ च्या सुरुवातीला तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी या धोरणाला स्थगिती दिली होती. तेव्हा 'संस्था सांभाळेल' हे वाक्य ऐकून सुटकेचा निःश्वास टाकू नये. कराराची प्रत मागावी.

तिसरं, मैदानाखाली काय करणार. खाली पार्किंग काढायची टूम मधूनमधून निघते. वांद्र्याच्या पटवर्धन उद्यानाखालच्या पार्किंगला तिथल्या रहिवाशांनी कडाडून विरोध केला तो उगाच नाही. स्लॅबवर टाकलेल्या मातीत मोठी झाडं तग धरत नाहीत आणि पाणी जमिनीत मुरायची वाट बंद होते. मात्र खालचं सगळंच वाईट नसतं. हिंदमाता भागात तुंबणारं पाणी साठवायला परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन कला पार्कखाली मोठ्या टाक्या बांधल्या आहेत.

पाणी, गवत आणि टायरचा चुरा

पाण्यावर जरा जास्त बोलते, कारण मुंबईत मैदान हरतं ते पावसापुढे. शहराच्या नव्या पर्जन्यवाहिन्या तासाला ५० मिलिमीटर पाऊस वाहून नेतील या हिशेबाने आखल्या आहेत. पूर्वी हा आकडा २५ होता. आता ५० मिलिमीटर एका फुटबॉल मैदानावर पडले तर किती पाणी होतं? ७,१४० चौरस मीटर गुणिले ०.०५ मीटर, म्हणजे ३५७ घनमीटर. दहा हजार लिटरचे जवळजवळ ३६ टँकर, एका तासात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर झाला होता, त्याचा तर हिशेबच नको.

हे ३६ टँकर जाणार कुठे? चांगल्या मैदानाला मधोमध न जाणवणारा उंचवटा असतो, शंभर मीटरला अर्धा-एक मीटर एवढाच उतार. वरच्या थराखाली वाळू, त्याखाली खडी, आणि खडीत माशाच्या काट्यासारखी मांडलेली भोकांची नळी. पाणी झिरपून नळीत, नळीतून कडेच्या गटारात आणि तिथून नाल्यात. नेमका इथेच आमच्या पूर्व उपनगरातला घोळ होतो. भरती साडेचार मीटरच्या वर गेली की खाडीचं पाणी नाल्यात उलटं चढतं, नाला पाणी घेत नाही आणि मैदानातलं पाणी मैदानात राहतं. म्हणून शेवटचं तोंड किती उंचीवर आहे, उलट्या पाण्याला अडवणारी झडप आहे का आणि दोन तास पाणी धरून ठेवायला टाकी आहे का, हे विचारायचं. वरचं गवत कितीही भारी असलं तरी याचं उत्तर नसेल तर सगळं वाया.

आता गवत. फुटबॉलला आपल्या हवेत चालणारं नैसर्गिक गवत म्हणजे बर्म्युडा. नाव परदेशी वाटतं, पण ही आपली हरळीच. गणपतीला वाहतो ती दूर्वा, आणि शेतकरी जिला शिव्या घालत उपटतो तीही. कितीही तुडवा, पुन्हा फुटते, म्हणूनच मैदानात चालते. पण मुंबईतल्या मैदानांइतकं तुडवणं तिलाही झेपत नाही. नैसर्गिक मैदानाला वर्षाला साधारण अडीचशे तासांचा खेळ मानवतो असं सहसा धरतात. चांगली देखभाल असली तर थोडा जास्त. म्हणजे आठवड्याला पाच-सहा तास. आपल्याला हवेत ४९.

म्हणून सगळे टर्फकडे वळतात. प्लॅस्टिकच्या चार ते सहा सेंटिमीटर उंच पात्या, त्यात खाली वाळू आणि वर रबराचे दाणे. हे दाणे बहुतेक वेळा जुन्या टायरचा चुरा असतो. पाऊस थांबला की अर्ध्या तासात खेळता येतं आणि दिवसभर खेळलं तरी टक्कल पडत नाही. तासांचा प्रश्न एका फटक्यात सुटतो.

किंमत मात्र मोजावी लागते. एप्रिलच्या दुपारी टर्फचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत तापू शकतो. आता दोन ते चारचा स्लॉट आठवा. घसरलं की गुडघा सोलून निघतो. २०१५ चा महिला विश्वचषक कॅनडात संपूर्ण टर्फवर खेळवला गेला. पुरुषांचा विश्वचषक असा कधीच झालेला नाही, मग आम्हालाच प्लॅस्टिक का, असं म्हणत अमेरिकेच्या ॲबी वॉमबॅकसह अनेक नामवंत खेळाडूंनी आदल्या वर्षी लैंगिक भेदभावाची कायदेशीर तक्रार केली. जानेवारी २०१५ मध्ये ती मागे घेतली गेली आणि स्पर्धा टर्फवरच झाली. रबराचे दाणे बुटांतून, पावसातून नाल्यात जातात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये अशा सूक्ष्म प्लॅस्टिकच्या विक्रीवर बंदी आणली, मैदानांच्या दाण्यांना आठ वर्षांची मुदत दिली आहे. आपण मैदान आता बांधणार असू तर नारळाच्या काथ्याचे किंवा बुचाचे दाणे मिळतात, हे निविदा काढणाऱ्याच्या कानावर घालायला हरकत नाही.

आणखी एक: टर्फ आठ-दहा वर्षांत संपतं. सोसायटीत पुढच्या मोठ्या खर्चासाठी साठवलेला सिंकिंग फंड असतो तसा मैदानाला हवा. नसेल तर नवव्या वर्षी शिवण उसवलेल्या गालिच्यावर मुलींचे घोटे मुरगळणार, आणि मग 'पैसे नाहीत, स्पॉन्सर आणा' सुरू होणार.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, एकच मैदान असलेल्या उपनगरात टर्फच हवं. हरळीवर माझं प्रेम आहे, पण पाच तासांच्या हरळीत माझ्या भाचीचा नंबर कधी लागणार नाही. दोन मैदानं असतील तर एक हरळीचं ठेवा.

दिवे, दार आणि आडोसा

सरावाला स्टेडियमसारखा लखलखाट लागत नाही. उजेड लक्समध्ये मोजतात; युरोपीय मानकात खालच्या पातळीच्या सरावाला ७५ लक्स पुरतात, स्थानिक सामन्यांना २०० आणि वरच्या दर्जाच्या सामन्यांना ५००. निविदेत हजारभर लक्स लिहिलेले दिसले की समजावं, कोणाच्या तरी डोळ्यांसमोर टीव्ही आहे. बिल मात्र रोज येणार, आणि बिल परवडत नाही म्हणून दिवे बंद राहणार. उजेड मैदानावर पडावा, समोरच्या बिल्डिंगमधल्या आजोबांच्या उशीवर नको. झाकण असलेले एलईडी नीट खाली वळवले तर हे भांडण होतच नाही.

मुलींसाठी मात्र उजेड मैदानापुरता असून भागत नाही. बऱ्याच घरांत अजून दिवेलागणीच्या आत मुलगी घरी लागते. आमच्याकडे मैदानाचं पुढचं फाटक दारूच्या दुकानासमोर उघडतं आणि मागचं वस्तीकडे. मागच्याला गेली कित्येक वर्षं कुलूप आहे. मैदानात ५०० लक्स आणि मागच्या गल्लीत काळोख असेल तर आई पाठवणार नाही, आणि तिचं चुकतंय असं मला म्हणवत नाही.

संडासाचं बोलायला आपण लाजतो. मुंबईत बायकांना मुतारीच्या हक्कासाठी 'राइट टू पी' नावाची चळवळ उभी करावी लागली, यातच काय ते आलं. मुली तहान लागली तरी पाणी पीत नाहीत, कारण जायची सोय नाही. मे महिन्यात पाणी न पिता दीड तास धावणं म्हणजे पोटात गोळे आणि चक्कर. मग आपण म्हणतो, मुली नाजूक. पाळीच्या दिवसांत पॅड टाकायला डबा नसेल तर महिन्याचे चार-पाच दिवस सराव बुडतो. सराव बुडतो म्हणून संघातून नाव जातं, आणि नाव गेलं की मुलगी जाते. फ्लेक्सवरच्या आराखड्यात मी 'व्हीआयपी कक्ष' वाचला. मुलींची कपडे बदलायची खोली दिसली नाही. कदाचित माझ्या चष्म्याचा नंबर वाढला असेल.

मुली येतात, मग जातात कुठे?

समजा मैदान झालं, तासही मिळाले. खेळ वाढवायचा तर गळती कुठे होते ते बघायला हवं.

दहा-बारा वर्षांपर्यंत मुलीमुलं एकत्र खेळली तर उत्तमच. त्या वयात ताकदीत फारसा फरक नसतो, आणि गल्लीतला आडदांडपणा अंगी मुरतो. इंग्लंडमध्ये तर अठरा वर्षांखालपर्यंत मिश्र संघांना परवानगी आहे. पहिली गळती बारा-चौदाला होते. शरीर बदलतं, घरचे कुजबुजतात, आणि मैदानात एकही बाई नसते. तिथे एक महिला प्रशिक्षक असली तरी चित्र पालटतं. दुसरी गळती दहावीला. मुलींच्या फुटबॉलमधला सगळ्यात भक्कम डिफेंडर म्हणजे दहावीचं वर्ष. मुलगा दहावीत आठवड्यातून दोनदा खेळला तर 'मन रमतं' म्हणतात, मुलगी खेळली तर 'वर्ष वाया जाईल' म्हणतात. तिसरी गळती सतरानंतर, कारण पुढे काय ते दिसत नाही.

पुढे काही नाही असंही नाही. शाळेत असताना सुब्रतो चषकात मुलींचा गट आहे. जिल्हा संघटनेच्या स्पर्धा आहेत, राज्याचा संघ आहे. वर इंडियन वुमेन्स लीग आहे, २०१६–१७ च्या मोसमात सुरू झालेली. कोल्हापूरच्या एफसी कोल्हापूर सिटीने या लीगपर्यंत मजल मारली होती. पेठापेठांत तालमींच्या नावाने फुटबॉल जगणारं शहर ते, तिथे मुलींचाही संघ उभा राहिला याचं मला अप्रूप वाटतं. आणि ५ जुलै २०२५ रोजी चियांग माईला आपल्या संघाने थायलंडला त्यांच्याच घरात २–१ हरवलं, दोन्ही गोल संगीता बास्फोरचे. पात्रता फेरी खेळून आशियाई चषकात जाण्याची ही आपली पहिलीच वेळ होती. ही बातमी आमच्या मैदानात कोणी सांगितली नाही. माझ्या भाचीने मोबाइलवर बघितली आणि मला दाखवली.

दुखापतीकडे दुर्लक्ष नको. गुडघ्यातला एसीएल नावाचा बंध मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात फाटतो, आणि फाटला की वर्ष गेलं. यावर फिफाचा 'इलेव्हन प्लस' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे: धावणं, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं, एका पायावर तोल. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या जवळपास १,९०० मुलींवर तो तपासला, आणि नियमित करणाऱ्या संघांत एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी आढळल्या. याला साहित्य लागत नाही, पैसे लागत नाहीत. लागतात ती वीस मिनिटं. स्लॉट तासाभराचा असेल तर प्रशिक्षक आधी हीच वीस मिनिटं कापतो. म्हणून वर दीड तास धरला होता.

सुरक्षिततेची व्यवस्थाही मैदानाइतकीच आधी हवी. २०२२ मध्ये भारताच्या १७ वर्षांखालील मुलींच्या संघाच्या सहायक प्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपांवरून दौऱ्यावरून परत बोलावून काढून टाकलं गेलं. राष्ट्रीय संघात ही वेळ येते, तर उपनगरातल्या मैदानावर तक्रार कोणाकडे करायची हे फळ्यावर ठळक लिहिलेलं असायला काय हरकत आहे?

वेळापत्रक निविदेलाच जोडा

मुंब्र्यात 'परचम' संस्थेसोबत फुटबॉल खेळणाऱ्या मुलींनी स्वतःसाठी मैदान मिळावं म्हणून सह्या गोळा केल्या होत्या. त्यांनी मागितली ती जागा, म्हणजेच वेळ. मला वाटतं मागणी अशीच नेमकी हवी. 'महिला क्रीडेला प्रोत्साहन' असं लिहून आणलंत तर सगळे टाळ्या वाजवतील आणि काहीच होणार नाही.

वॉर्ड ऑफिसला द्यायच्या पत्राचा मसुदा आम्ही केलाय. त्यात म्हटलंय, की आठवड्याचं वेळापत्रक निविदेचा आणि चालवणाऱ्या संस्थेच्या कराराचा भाग असावं. साडेबावीस स्लॉट मुलींचे, त्यातले निम्मे संध्याकाळी सहा ते साडेआठमधले. तो स्लॉट दुसऱ्या कोणाला द्यायचा झाला तर आठ दिवस आधी फळ्यावर कारण लिहावं आणि बदली स्लॉट त्याच आठवड्यात द्यावा. महापालिका शाळांच्या मुलींना शुल्क नको. खासगी टर्फला तासाला हजार-दोन हजार मोजणाऱ्यांना भाड्याने द्यायचे तास वेगळे दाखवावेत, आणि त्या पैशांतला ठरलेला वाटा पुढच्या टर्फसाठी बाजूला पडावा. कोणत्या तासाला मैदानात किती मुली होत्या याची नोंद दर तीन महिन्यांनी लावावी. स्लॉट रिकामा जातो म्हणून काढून घेतला, हे सोपं असतं. रिकामा का गेला, हे नोंद असेल तरच कळतं.

जुन्या क्लबच्या एका काकांना मसुदा दाखवला. ते म्हणाले, "ताई, एवढ्या मुली आहेत कुठे?" प्रश्न रास्त आहे. आज नाहीत. रविवारी दुपारी दोनला कोण येणार?

टाइप करायच्या आधी मसुदा भाचीला वाचायला दिला. तिने लक्स, झडप, सिंकिंग फंड सगळं भराभर ओलांडलं आणि शेवटी निळ्या पेनाने एक ओळ घातली: मागचं फाटक उघडावं, आम्ही सगळ्या तिकडूनच येतो.